वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कामावर परतताना सहकाऱ्यांच्या प्रतिक्रियांना कसे सामोरे जावे

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून टाकणे) किंवा गॅस्ट्रिक बायपास (जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडणे) ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली असेल आणि गुंतागुंत उद्भवली नसेल, तर बसून करायच्या कामावर बहुतेक जण दोन ते तीन आठवड्यांत परततात. अंगमेहनतीच्या किंवा वजन उचलण्याच्या कामाला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे तुम्ही कामावर हजर होता तेव्हा पोटावरच्या जखमा नुकत्याच भरत आलेल्या असतात, आहार अजून पातळ किंवा कुस्करलेल्या पदार्थांचा असतो, दुपारनंतर अंगातले त्राण जाते आणि वजनातला फरक मात्र इतरांच्या डोळ्यांत भरेल इतका झालेला नसतो. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘इतके दिवस कुठे होतात?’ एवढेच विचारले जाते. ‘इतके बारीक कसे झालात?’ हा प्रश्न दोन-तीन महिन्यांनी येतो. वजन उतरायचे थांबले की, साधारणपणे वर्षा-दीड वर्षाने, ‘आता कमी होत नाही वाटतं?’ असेही कोणी विचारते. या तीन प्रश्नांना एकच उत्तर पुरत नाही. तरीही तिन्ही वेळची उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत, कारण पहिल्या आठवड्यात घाईने सांगितलेली गोष्ट पुढे वर्षभर निभवावी लागते. म्हणून कोणाला काय सांगायचे याचा निर्णय परतण्यापूर्वी घरी शांतपणे घ्यावा, आणि जमल्यास रजेचा अर्ज देण्याआधीच घ्यावा.

कोणाला किती सांगायचे

तुमच्या शरीरावर कोणती शस्त्रक्रिया झाली हे जाणून घेण्याचा हक्क सहकाऱ्यांना नाही, आणि ते न सांगणे म्हणजे फसवणूक नव्हे. हे स्वतःला आधी पटवून घ्यावे लागते. ज्यांनी वर्षानुवर्षे आपल्या वजनाबद्दल इतरांचे शेरे ऐकले आहेत त्यांना आपल्या शरीराचा हिशेब दुसऱ्याला देण्याची सवय लागलेली असते, आणि त्या सवयीने साध्या चौकशीलाही सविस्तर खुलासा दिला जातो.

मात्र न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. ‘फक्त आहार सांभाळला आणि रोज चाललो’ असे सांगितले की त्या क्षणी विषय संपल्यासारखा वाटतो. पण पुढच्या काही महिन्यांत वजन ज्या वेगाने उतरते आणि ताटात जेवढे थोडे अन्न दिसते, त्याच्याशी हे उत्तर जुळत नाही. शिवाय तुमच्याच आसपास वजनाशी झगडणारी एखादी व्यक्ती असते. ती तुमचे म्हणणे प्रमाण मानते, तसेच करून पाहते आणि तेवढा फरक पडला नाही की दोष स्वतःला देते. माझ्या मते खोटे न बोलण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे. ‘वैद्यकीय उपचार चालू आहेत आणि आहारही पूर्ण बदलला आहे’ हे वाक्य खरे आहे, पुरेसे आहे आणि त्याने कोणाची दिशाभूलही होत नाही.

काही माणसांना थोडे अधिक सांगणे तुमच्या सोयीचे असते. वरिष्ठांना निदानापेक्षा मर्यादा कळणे गरजेचे आहे: किती आठवडे जड वजन उचलायचे नाही, दर दोन-तीन तासांनी थोडे खाण्यासाठी काही मिनिटे लागतील, तपासणीसाठी पुढे कधी कधी रजा लागेल. हे सर्व शस्त्रक्रियेचे नाव न घेताही सांगता येते, आणि डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेताना त्यात मर्यादा स्पष्ट लिहिण्याची पण निदान आवश्यक तेवढेच नमूद करण्याची विनंती करता येते. मनुष्यबळ विभागाला किंवा विम्याच्या कामासाठी अधिक कागद द्यावे लागले, तर ते कोण पाहणार आणि कोठे ठेवले जाणार हे विचारून घ्यावे. असे विचारण्यात संकोच बाळगू नये.

जवळ बसणाऱ्या एका विश्वासू सहकाऱ्याला मात्र सगळे खरे सांगून ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. यामागे केवळ मन हलके करण्याचा हेतू नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, नाडी सतत जलद चालणे, पोटात वाढत जाणारी वेदना, न थांबणारी उलटी किंवा पोटरीत सूज आणि दुखणे यांपैकी काहीही झाले तर थांबून चालत नाही. त्याच वेळी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी संपर्क करावा लागतो किंवा रुग्णालय गाठावे लागते. अशा वेळी ‘ऊन लागलं असेल, जरा पडून राहा’ असे सांगणाऱ्या दहा जणांपेक्षा नेमके काय झाले आहे हे जाणणारा एक जण उपयोगी पडतो. त्याच्याकडे डॉक्टरांचा आणि घरचा दूरध्वनी क्रमांक असावा. ही गोष्ट पुढे कोणाला सांगायची नाही, हे त्याला तोंडाने स्पष्ट सांगावे. ते त्याला आपोआप समजेल असे गृहीत धरू नये, कारण बहुतेक बातम्या वाईट हेतूने पसरत नाहीत, काळजीच्या पोटी पसरतात.

तुम्ही रुग्णालयात असताना भेटायला आलेल्यांना, घरी आलेल्या फोनला उत्तर देणाऱ्या नातेवाइकांना आणि रजेचा अर्ज हाताळणाऱ्यांना काय ठाऊक आहे, याचीही आधी चौकशी करून ठेवावी. तुम्ही एक सांगता आणि घरचे दुसरे सांगतात असे झाले, की साध्या खाजगी गोष्टीला लपवाछपवीचे रूप येते.

पहिले काही आठवडे कमी सांगावे, हेच सर्वसाधारणपणे शहाणपणाचे आहे. आज न सांगितलेले सहा महिन्यांनी सांगता येते, पण आज सांगितलेले परत घेता येत नाही. याउलट, पहिल्या दिवशीच मोकळेपणाने सगळे सांगून टाकणारे लोकही असतात आणि त्यांना त्याचा लाभ होतो, कारण कुजबुजीला जागाच उरत नाही. तुमचा स्वभाव तसा असेल आणि कामाचे ठिकाण समजूतदार असेल, तर तोही मार्ग उत्तम आहे. फक्त तो निवडताना एवढे ध्यानात ठेवावे की त्यानंतर काही महिने तुमच्या ताटाकडे आणि कमरेकडे अधिक लोक पाहतील.

वाक्ये आधी तयार ठेवणे

अनपेक्षित प्रश्न आला की माणूस एक तर गप्प होतो किंवा गरजेपेक्षा जास्त बोलून बसतो. म्हणून दोन-तीन वाक्ये घरी मोठ्याने म्हणून पाहावीत, इतकी की ती बोलताना आवाज बदलणार नाही. ‘पोटाचं एक ऑपरेशन होतं, ते नीट पार पडलं, आता तब्येत ठीक आहे.’ ‘विचारलंत, बरं वाटलं, पण ते जरा खाजगी आहे.’ ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने चाललंय, त्यामुळे काळजी नको.’ अशा वाक्यानंतर लगेच कामाचा विषय काढावा: मागे राहिलेले काम कुठपर्यंत आले, पुढची बैठक कधी आहे, तुमच्या जागी कोणी काय सांभाळले. रजेवरून परतलेल्या माणसाने कामाची चौकशी करणे स्वाभाविक दिसते, आणि समोरच्यालाही त्या प्रश्नावरून हलायला वाट मिळते.

कोणी पुन्हा पुन्हा खोदून विचारत असेल तर नवे उत्तर शोधत बसू नये. तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा म्हणावे. प्रत्येक वेळी नवा तपशील दिला, तर विचारत राहिल्याने काहीतरी मिळते असा समज होतो.

जेवणाची वेळ

कामाच्या ठिकाणी सर्वांत जास्त प्रसंग उद्भवतात ते खाण्यावरून. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकलेला असतो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरच्या आसपासची पिशवी करून ती लहान आतड्याला जोडलेली असते. या जागेत पूर्वीसारखे जेवण मावत नाही. घास लहान घ्यावा लागतो, खूप चावावा लागतो, एका जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यावी लागतात, जेवताना पाणी पिता येत नाही आणि जेवणानंतरही साधारण अर्धा तास थांबावे लागते. पोट भरल्याची पहिली जाणीव झाल्यावर घेतलेला एक घाससुद्धा छातीत दाटून येतो आणि उलटी होऊ शकते. ‘एक घास आमच्यासाठी’ हा प्रेमाचा आग्रह इथे खरोखर इजा करू शकतो, आणि आग्रह करणाऱ्याला याची कल्पनाही नसते.

गोडाचे आणखी वेगळे आहे. विशेषतः बायपासनंतर साखरेचे किंवा तेलकट पदार्थ पटकन आतड्यात उतरले, तर दहा मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासात घाम, धडधड, मळमळ, पोटात कळा, जुलाब आणि गळून गेल्यासारखे होणे असा त्रास होतो; याला डम्पिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरते आणि चक्कर येते. वाढदिवसाच्या केकचा तुकडा मन राखण्यासाठी खाल्ला आणि त्यानंतरच्या बैठकीत उठून जावे लागले, तर त्याचा खुलासा करणे नकार देण्यापेक्षा कितीतरी कठीण जाते.

म्हणून नकार लहान, हसतमुख आणि कारणांशिवाय द्यावा. ‘दिसतंय छान, पण आत्ता नको.’ ‘आताच खाल्लं.’ फार आग्रह झाला तर ‘डॉक्टरांनी गोड बंद केलंय’ एवढे पुरते, आणि ते खरेही असते. ‘थोड्या वेळाने खातो’ असे सांगू नये, कारण मग थोड्या वेळाने ताट पुन्हा समोर येते. कारणे जितकी जास्त द्यावीत तितकी त्यांची उत्तरे समोरच्याकडे तयार असतात: हे घरचं आहे, यात साखर कमी आहे, एकदा खाल्ल्याने काय होतंय.

‘इतकंसं खाऊन भागतं का?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यावर ‘भागतं, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाण्याची पद्धत आहे’ असे सांगितले तर विचारणाऱ्याचे समाधान होते, आणि मधल्या वेळी तुम्ही काही खाताना दिसलात तरी नवल वाटत नाही. आहारात दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने जावीत असे बहुतेक आहारतज्ज्ञ सांगतात आणि तेवढी इतक्या लहान पोटात बसवायची तर मधल्या वेळचे खाणे टाळून चालत नाही; लोक पाहतील म्हणून ते सोडणारे पुढे अशक्तपणाने त्रस्त होतात. पाण्याचेही तसेच आहे. दीड ते दोन लिटर पाणी घोट-घोट करून दिवसभर प्यावे लागते, त्यामुळे बाटली सतत टेबलावर असावी.

पहिले दोन-तीन आठवडे एकट्याने जेवायला हरकत नाही. पातळ आहारावर असताना सर्वांमध्ये बसून प्रत्येक चमच्याचा खुलासा करण्यापेक्षा ते बरे. पण ही सवय लावून घेऊ नये. जेवणाच्या टेबलावर माणसे जवळ येतात, कामातल्या अडचणी तिथेच बोलल्या जातात, आणि महिनोन्‌महिने तिथून दूर राहिल्याने तुम्ही केवळ अन्न टाळत नाही, माणसेही गमावता. नरम पदार्थ सुरू झाले की सर्वांबरोबर बसावे, आपले सावकाश खावे, आणि गप्पांत भाग घ्यावा. तुम्ही स्वतःच्या ताटाबद्दल बोलला नाहीत तर काही दिवसांत इतरांचेही लक्ष तिथून उडते.

कार्यालयीन मेजवानीत मद्य असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्यावी: या शस्त्रक्रियांनंतर, विशेषतः बायपासनंतर, मद्य रक्तात फार लवकर आणि अधिक प्रमाणात चढते, आणि काही जणांमध्ये पुढे व्यसनाचा धोकाही वाढलेला आढळला आहे. पूर्वी जेवढे सहज चालत होते तेवढ्याने आता तोल जाऊ शकतो. हातात साध्या पाण्याचा ग्लास धरला की सहसा कोणी आग्रह करत नाही. बुडबुड्यांची पेये पोट फुगवतात, त्यामुळे तीही नकोत.

शरीराबद्दलचे शेरे

पहिल्या सहा महिन्यांत वजन सर्वांत वेगाने उतरते, आणि त्याच काळात ‘अर्धे झालात की!’ पासून ‘गाल किती बसलेत, बरं आहे ना?’ पर्यंत सर्व काही ऐकू येते. टीका सोसण्याची तयारी बहुतेकांनी केलेली असते. स्तुतीची केलेली नसते, आणि म्हणून तीच अधिक बोचते. जो सहकारी पाच वर्षांत कधी धड बोलला नाही तो अचानक आदराने वागू लागतो, दार उघडून धरतो, बैठकीत मत विचारतो. आनंद होतो आणि त्याच वेळी राग येतो, कारण तुमचे काम तर तेव्हाही एवढेच चांगले होते. हा राग योग्य आहे. तो त्या माणसावर त्या क्षणी काढण्यात अर्थ नाही, पण तो दाबून टाकण्याचीही गरज नाही. विश्वासू मित्राजवळ, समुपदेशकाजवळ किंवा हीच शस्त्रक्रिया झालेल्यांच्या गटात तो बोलून दाखवावा. समोर मात्र ‘धन्यवाद’ एवढे एक शब्दाचे उत्तर पुरेसे आहे. स्तुतीला उत्तर म्हणून स्वतःच्या पूर्वीच्या शरीराची निंदा करू नये. ‘आधी किती भयंकर दिसायचो’ हे वाक्य ऐकणाऱ्यांत त्या आकाराचे कोणीतरी असते.

दुर्धर आजाराची अफवा उठली तर ती वेळीच थांबवावी. तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास केस गळू लागतात, चेहरा ओसरतो, आणि मग लोक आपापले निष्कर्ष काढतात. केसांचे हे गळणे वेगाने उतरलेल्या वजनामुळे होते आणि प्रथिने, लोह व इतर पोषकद्रव्ये नीट मिळत असतील तर पुढे बहुधा भरून येते. विचारणाऱ्याला ‘आजार नाही, उपचारांनी वजन उतरतंय आणि नियमित तपासण्या चालू आहेत’ असे ठामपणे सांगावे. तुम्ही शस्त्रक्रियेचा उल्लेख अजून केला नसेल आणि आता करावासा वाटत असेल, तर हीच योग्य वेळ असते.

‘म्हणजे शॉर्टकट मारला तर!’ हे ऐकावे लागेल अशी तयारी ठेवावी. हे बोलणाऱ्याला वाटते की शस्त्रक्रिया म्हणजे कष्टांना पर्याय. वस्तुस्थिती अशी आहे की लठ्ठपणा हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. वजन घटू लागले की शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च कमी करून ते परत मिळवू पाहते, आणि शस्त्रक्रिया या यंत्रणेवरच परिणाम करते. उदाहरणार्थ, भूक चेतवणारे ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होते तो भाग स्लीव्हमध्ये काढला जातो. त्यानंतरही आहार, व्यायाम, जन्मभर घ्यायची जीवनसत्त्वे आणि तपासण्या हे सारे करायचे तुम्हालाच असते. एवढे सर्व सांगायचे की नाही, हे माणूस पाहून ठरवावे. ज्याला खरेच समजून घ्यायचे आहे त्याला दोन मिनिटे द्यावीत. ज्याला चारचौघांत टोमणा मारायचा आहे त्याला ‘आजारावर जो उपचार लागू होता तो घेतला’ असे म्हणून कामाकडे वळावे. उपचार घेतल्याबद्दल बचाव करण्याचे कारण नाही.

सर्वांत नाजूक नाते असते ते जुन्या सोबत्याचे: ज्याच्याबरोबर तुम्ही अनेकदा आहार सुरू केला आणि सोडला, एकमेकांना धीर दिला. तुमचे वजन उतरताना त्याला मागे पडल्यासारखे वाटते आणि तो अंतर राखू लागतो किंवा टोचून बोलतो. त्याला इतरांकडून कळण्याआधी तुम्ही सांगावे, शक्यतो एकांतात, आणि सल्ला न देता. ‘तू पण करून घे’ हे वाक्य चांगल्या मनाने म्हटले तरी त्या क्षणी जखम करते. वजनाशिवायच्या ज्या गोष्टींवर तुमची मैत्री उभी होती त्या चालू ठेवाव्यात. त्याला सावरायला वेळ लागतो आणि तो द्यावा.

वजन साधारणपणे वर्ष ते दीड वर्षात स्थिरावते आणि नंतर थोडे परत वाढणे अनेकांमध्ये दिसते. ज्यांना आकडे सांगितले होते ते याच वेळी हिशेब मागतात. म्हणून किलोचे आकडे सुरुवातीपासूनच कोणाला सांगू नयेत, आणि सांगितले असतील तर आता थांबावे: ‘वजन मोजायचं काम डॉक्टरांकडे, मला जिने चढताना धाप लागत नाही हे पुरे.’

मर्यादा ओलांडली गेल्यास

एखादा शेरा अजाणता निघतो. तोच शेरा तुम्ही थांबवूनही रोज येत असेल, शरीराला हात लावून बोलले जात असेल, किंवा तुमच्या आरोग्याच्या कारणावरून जबाबदारी काढून घेतली जात असेल, तर तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही. प्रथम त्या व्यक्तीला एकट्यात, साध्या शब्दांत सांगावे: ‘माझ्या शरीराबद्दलचं बोलणं मला चालत नाही, ते थांबवावं.’ त्यानंतरही चालू राहिले तर तारीख, नेमके शब्द आणि तेथे कोण होते हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि वरिष्ठांकडे किंवा तक्रारीच्या ठरलेल्या व्यवस्थेकडे लेखी द्यावे. आठवणीतून मांडलेल्या तक्रारीपेक्षा अशा नोंदींना अधिक वजन असते.

मन सतत खिन्न राहत असेल, कामावर जाण्याची धास्ती वाटत असेल किंवा अन्नाऐवजी मद्याकडे ओढ वाढत असेल, तर ते पुढच्या तपासणीची वाट न पाहता उपचार करणाऱ्यांना सांगावे. शस्त्रक्रियेनंतरच्या देखरेखीत मानसिक आरोग्यही येते.

कोणी स्वतःसाठी विचारल्यास

कधीतरी एखादा सहकारी इतर कोणी नसताना येतो आणि हळूच विचारतो की ‘मी पण करावं का?’ त्याने हे विचारायला किती दिवस धीर गोळा केला असेल याची कल्पना तुम्हालाच असते, तेव्हा त्याला घाईत उत्तर देऊ नये. तुमचा अनुभव सांगावा, त्यातला त्रासही सांगावा, पण निर्णय सांगू नये. जगभर १९९१ पासून वापरले गेलेले निकष २०२२ मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख संघटनांनी बदलले. त्यांनुसार शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर सोबत दुसरा आजार नसतानाही शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते, चयापचयाचे आजार असतील तर ३० पासून विचार होतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली येते. यात कोण बसते, कोणती शस्त्रक्रिया योग्य आणि कोणाला ती करूच नये, हे शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून तपासण्यांनंतर ठरवतात. ज्या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला आधी मिळाली असती तर बरे झाले असते असे वाटते, ते प्रश्न त्याला लिहून द्यावेत, म्हणजे पहिल्या भेटीत तो ते विचारू शकेल. आणि त्याने तुमच्याकडे येऊन काय विचारले, हे कोणालाही सांगू नये.